तिरपा सात

कुमुदताई मुंगींची अ‍ॅम्बॅसडर
भेरूघाटात तिसऱ्या वळणावर उकळायची.
दर वेळी त्याच वळणावर,
जसं तिथं तिला कुणाला भेटायचं असे.

इस्हाक मिस्त्री म्हणाला, रिंगा बदलून काय होतंय,
कवळी बसवली म्हणून म्हातारा ऊस सोलणार का?
इंजिनच उतरवू.
हिच्याच कंपनीचं दुसरं बसतं हिच्यात,
कॉन्टेसाचं. अठराशे सीसी, पाच गिअर.
बाहेरचं काही नाही, ताई. घरचंच.

मग महिनाभर आम्ही घरचंच शोधत हिंडलो.
इंजिन सापडलं छोटी ग्वालटोलीत,
एका कॉन्टेसाच्या पोटात, जिच्या छपरावर
कुणी मिरच्या वाळत घातल्या होत्या.
माउंटिंग देवासला, एका अठराशेच्या अ‍ॅम्बॅसडरचे,
प्रॉपेलर शाफ्टही तिचाच,
कारण कॉन्टेसाचा मापात येईना.
रेडिएटर लोहामंडीत, वजनावर.
भंगारवाला किलोचा भाव सांगत राहिला
आणि इस्हाक बोटाने जाळीच्या नळ्या मोजत राहिला.

मी सोबत, कारण मी शेजारी आणि रिकामा.
शिवाय बावीस वर्षं पीथमपूरला
इंजिनांच्या कारखान्यात काढलेली,
म्हणून मला सगळं कळतं असा कॉलनीत समज.
खरं तर मी फक्त नंबर ठोकायचो.
लाइनीच्या शेवटी, ब्लॉकच्या कडेवर,
एकेक आकडा, पंच धरून,
हातोडीचा एक घाव.
दुसरा मारायचा नाही.
दुसऱ्याने आकडा दुहेरी उठतो
आणि मग ती गाडी जन्मभर
नाक्यानाक्यावर चोरीची ठरते.

जुनं इंजिन साखळीवर लटकलं
तेव्हा कुमुदताई चहा घेऊन आल्या,
बघितलं, ट्रे ठेवला, आत गेल्या.
स्टिअरिंगच्या मानेवरची गिअरची दांडी निघाली.
नव्या दांडीसाठी तळाला भोक पाडलं,
त्यातून अंगणातली फरशी दिसली
आणि इस्हाकच्या पोराची एक चप्पल.

मला काम दिलं ब्लॉक पुसायचं.
रॉकेल, माझंच फाटकं बनियन.
आधी काळं गेलं, मग तपकिरी,
मग राखाडी,
मग आकडे.
चार ताठ उभे.
पाचवा, सात, डावीकडे कललेला,
पानाच्या टपरीला टेकल्यासारखा.

सातचा पंच बुडाशी झिजलेला होता आमच्याकडे.
नवा मागवलाय, असं तीन वर्षं ऐकलं.
करकरेसाहेबांनी वहीत लाल शाईने लिहिलं होतं,
'सात सरळ मारणे.'
खाली मी सही केली होती.

मिस्त्री, मी म्हणालो, हा मी ठोकलाय.
इस्हाकने पान्यावरून मान उचलली नाही.
मग गॅरंटी तुमची, म्हणाला.

दिवाळीनंतरच्या रविवारी भेरूघाट.
गाडी खाली होती तशीच वर चालली,
ट्रकच्या मागे मुकाट, मग ट्रकच्या पुढे.
तिसऱ्या वळणावर कुमुदताईंचा डावा हात
स्टिअरिंगपाशी गेला,
हवेत दांडी चाचपली,
खाली आला.
पाण्याचा कॅन माझ्या पायाशी डचमळत होता, भरलेला.
सवयीने घेतला होता दोघांनीही,
एकेक.

मग नायता मुंडल्याचं आरटीओ, कागद बदलायला.
बाबूने बॉनेट उघडायला लावलं,
पातळ कागद ब्लॉकवर धरून
पेन्सिल आडवी घासली.
एकेक आकडा पांढरा उमटत गेला.
पाचव्याशी तो थांबला,
चष्मा वर केला.
हा सात आहे की एक?

कुमुदताईंनी माझ्याकडे बघितलं.

सात, मी म्हणालो.
लिहा. सात.